तेरावा फर्मा

"काका, पाच वाजेपर्यंत पाचही प्रती बांधून द्याल ना? आज शेवटची तारीख आहे," म्हणत बाईंनी प्रबंधाचे गठ्ठे माझ्या टेबलावर ठेवले.

दिवसभर शाळेत शिकवून बाईंनी चार वर्षं एकाच कादंबरीचा पिच्छा पुरवला होता. तिची एकच प्रत शिल्लक, ती आमच्या ग्रंथालयात. हमालाचा पोर आणि कारखानदाराचा पोर. एक चढतो, दुसरा उतरतो, आणि जन्मभराचं वैर. मी काही ती वाचलेली नाही. बांधणारा वाचत बसला तर झालंच कल्याण!

बांधण्याआधी मी फक्त पानांचे आकडे बघतो. पण तिसऱ्या प्रकरणाचं नाव दिसलं: 'आधी मरण, मग भांडण'. लेखकाने म्हणे वैऱ्याची अंत्ययात्रा आधी दाखवली आणि दोघांचं शेवटचं भांडण नंतर. या एका उलटापालटीवर बाईंची साठ पानं उभी होती.

नऊ वर्षांपूर्वी ते पुस्तक मीच नव्याने शिवलं होतं. सोळा पानांचा एक फर्मा, असे फर्मे ओळीने लावायचे. खालची कड वाळवीने खाल्लेली, म्हणून ती कापली. तिच्याबरोबर पानांचे आकडेही गेले. बायको तेव्हा दवाखान्यात होती, माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कादंबरीची प्रकरणं नेमकी नव्या फर्म्यावर सुरू होणारी, त्यामुळे फर्मे मागेपुढे झाले तरी वाक्यही कुठे तुटलं नाही.

गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मला गप्प बसवेना.

कपाटातून कादंबरी काढली. पानांवर बाईंनी पेन्सिलीने स्वतःचे आकडे टाकले होते. मी अंत्ययात्रेचं पहिलं पान उन्हात धरलं. कापलेल्या कडेशी फर्म्याच्या छापील आकड्याचा वरचा अर्धा भाग उरला होता.

"बाई, हा चौदावा आहे. तेरावा याच्यामागे गेलाय. चूक माझी. लेखकाने सरळच लिहिलं होतं."

बाईंनी पुस्तक हातात घेऊन तो अर्धा आकडा स्वतः उन्हात धरून पाहिला.

"म्हणजे आधी भांडण, मग मरण?"

"हो."

"सगळ्यांसारखंच की मग." त्या हसल्या, पण डोळे भरून आले. "काका, ते भांडण वाचताना मी रडले होते. दोघं एकमेकांना वाट्टेल ते बोलत असतात, आणि आपल्याला ठाऊक असतं, यातला एक जण आता नाही."

"तुम्ही म्हणाल तर बांधतो. मी तोंड उघडणार नाही."

"मला कळलंय ना आता." त्यांनी गठ्ठे पिशवीत भरले. "नका बांधू."

त्या जिना उतरून गेल्या. मला माझाच राग आला, आणि खरं सांगतो, रडूही आलं.

मग कादंबरीचा दोरा कापला. तेरावा फर्मा पुढे घेतला, चौदावा मागे, आणि पुन्हा शिवलं. आता पेन्सिलीचे आकडे चुकले होते. एकशे ब्याण्णवनंतर एकदम दोनशे नऊ.

खोडरबर हातात घेतला. बारीक, नीटस अक्षर होतं बाईंचं. रबर पुन्हा खणात टाकला आणि पुस्तक दाबाखाली ठेवलं.