पोर सांभाळणारा पट्टा बोलतोय

मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याचा नव्हे! आधीच सांगून ठेवतो, कारण लोकांचा पहिला संशय तोच असतो. मी लहान मुलांचा पट्टा. एक टोक मुलाच्या मनगटाला, दुसरे मोठ्या माणसाकडे, आणि मधे वेटोळ्यांची दोरी. तुम्ही हसलात का? हसला असाल तर माझ्या लक्षात राहील.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एक तपासनीस बाई होती. तिने मला दहा वेळा ओढून पाहिले आणि तरीही कपाळाला आठ्या घालून अकराव्यांदा ओढले. तिचाच स्वभाव मला लागला असावा. माझा कशावरच चटकन विश्वास बसत नाही.

मला विकत घेतले एका किल्ल्या बनवणारीने. बसस्थानकाच्या तोंडाशीच तिची टपरी होती. नवरा लांबच्या मालगाडीवर, घरी बघणारे कोणी नाही, आणि दोन वर्षांची लेक म्हणजे नुसती भिंगरी. सगळे तिला भिंगरीच म्हणत. आई माझे एक टोक तिच्या मनगटाला वेल्क्रोने चिकटवी आणि दुसरे आपल्या कमरेच्या पट्ट्यात अडकवी. भिंगरी टपरीबाहेर पायरीवर खेळे. यंत्रावर किल्ली घासताना आईला मान वर करता येत नसे, नाहीतर बोटच जायचे. म्हणून ती माझ्या हिसक्यांवरून ओळखायची. हिसका बसला, म्हणजे पोर जागेवर आहे. हिसके थांबले की ती लगेच वाकून बघे.

पण येणारे-जाणारे गप्प बसतील तर शपथ!

"अगं बाई, लेकराला काय जनावरासारखं बांधलंयस!" एक आजीबाई फणकारल्या.

"मग तुम्ही धरता का तासभर, आजी?" आई म्हणाली.

आजीबाईंना नेमकी तेव्हाच त्यांची बस दिसली.

मला सगळ्यांचाच संशय येई. गोळ्या पुढे करणारा तो काका कोण? गालगुच्चा घेणारी ही काकू पुन्हा का आली? भिंगरीकडे कोणी जरा जास्त वेळ पाहिले, की माझी दोरी ताठ होई. चोर कुठून येणार ते मला पक्के ठाऊक आहे, अशा थाटात मी राहत होतो.

एका गारठ्याच्या सकाळी लांब लोकरी कोट घातलेले एक गृहस्थ किल्ली करून घ्यायला आले. यंत्र किंचाळू लागले. भिंगरीने दातांनी माझा वेल्क्रो सोडवला. कर्रर्र आवाज झाला, पण तो यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? मग तिने मला कोटाच्या काठाला लावून पाहिले. मी लोकरीला घट्ट चिकटलो. तिला भारी गंमत वाटली. तिने टाळ्या वाजवल्या आणि ती निघाली.

गृहस्थ थंडीने सारखे पाय बदलत उभे होते. त्यामुळे हिसके चालूच! आईची मान खालीच. मला ओरडायचे होते, पण मला कुठले तोंड? मी आपला कमरेशी सांगत राहिलो, आहे, आहे, पोर आहे. मित्रांनो, मी धडधडीत खोटे बोलत होतो.

स्थानकात एक बस मागे येत होती. भिंगरी तिच्या मागच्या चाकांकडे चालली होती.

करकचून ब्रेक लागला. थोड्या वेळाने ड्रायव्हर भिंगरीला काखोटीला मारून टपरीशी आला.

"कुणाची ही? आरशात हिची लाल टोपी दिसली म्हणून! नाहीतर आज..."

आईने यंत्र बंद केले. "पट्टा ओढत होता हो," ती म्हणाली. "मला वाटलं, आहे." तिने पोरीला इतके घट्ट कवटाळले, की भिंगरी भोकाड पसरून रडू लागली.

"अहो, हे काय मला चिकटलंय?" गृहस्थांनी विचारले. कोणीच हसले नाही.

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जगभराचा संशय घेतला मी, फक्त स्वतःचा तेवढा घ्यायचा राहिला होता.

आईने मला फेकून दिले नाही. दारात बस आणि हातात काम, तिला दुसरा इलाज नव्हता. पण त्यानंतर यंत्र सुरू करण्याआधी ती भिंगरीला आत घेऊन पायाशी बसवी, आणि किल्ली अर्धी झाली की यंत्र थांबवून बघे. गिऱ्हाइके कटकट करत. करू देत.

आता भिंगरी शाळेत जाते. परवा एक तरुण बाबा मला आपल्या मुलासाठी मागून घेऊन गेला. माणूस सज्जन दिसतो, पण त्याच्या हातात सतत मोबाईल असतो. मला त्याचा संशय येतो, आणि त्याहून जास्त माझा.

मित्रांनो, मुलांना पट्टा बांधावा की बांधू नये, ते मोठ्यांना ठरवू द्या. त्यांची भांडणे ऐकून माझे कान किटले आहेत. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या धाकट्या भावंडाला कोणी पट्ट्याने धरून चालले असेल, तर त्या मोठ्या माणसाची बाही ओढा आणि 'मागे बघा' म्हणा. ते वैतागतील, तुमच्यावर खेकसतील. तरी म्हणा. त्यांनी वळून बघेपर्यंत बाही सोडू नका. मी ओढतोय म्हणजे पोर आहेच, असे कुणीही धरून चालू नका.