पुरं मिनिट

शेषेरावांना वॉर्डात आणलं तेव्हा पंचशीलाला मनातून बरं वाटलं. नर्सला असं वाटू नये, हे तिला ठाऊक होतं. पण वाटलं, त्याला इलाज काय? लातूर नवा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. सरकारी दवाखान्यात उन्हाचे, हगवणीचे पेशंट दाटीनं पडले होते. त्यातच हे रेणापूरकडचे, तिच्याच गावचे मालक आले. पाय सुजलेले, धाप लागलेली आणि छातीतलं काळीज सैरभैर.

बहात्तरच्या दुष्काळात गावात टँकर यायचा आणि शेषेरावांच्या विहिरीत रिता व्हायचा. पाणी सरकारचं, विहीर शेषेरावांची. ते काठावर बाज टाकून बसायचे आणि बौद्धवाड्यातल्या बायांना म्हणायचे, "गावाचं होऊ द्या आधी." गावाचं होईस्तोवर तळाला गाळ उरायचा. पंचशीलाची आई चांगुणा हगवण लागलेलं तान्हं लेकरू कडेवर घेऊन रोज तिथं उभी राहायची. एका दुपारी त्या लेकरानं तिच्या मांडीवरच जीव सोडला. त्याचं नाव ठेवायचंसुद्धा राहून गेलं होतं. पंचशीला तेव्हा दहा वर्षांची होती, आणि तिनं हे सगळं पाहिलं होतं.

आता त्याच माणसाचा हात तिच्या हातात होता. दोन ठोके पाठोपाठ, मग एक गाळलेला, मग घाईघाईनं तीन. अशी बेताल नाडी पाव मिनिट मोजून चारनं गुणता येत नाही. पुरं मिनिट धरावी लागते. डिजॉक्सिनची गोळी देण्याआधी ती रोज अशी मोजायची. साठच्या खाली भरली तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना सांगायचं, असा नेम होता. कारण जी गोळी काळजाला लगाम घालते, तीच जास्त झाली तर त्याला कायमचं थांबवते. त्या सकाळी नाडी पन्नासच्याही खाली गेली होती. म्हाताऱ्याला मळमळत होतं, पांढरी भिंत पिवळी दिसत होती. गोळी अंगात जास्त झाल्याच्याच या खुणा. पंचशीलानं गोळी परत ठेवली.

"गोळी का देईना गं?" शेषेरावांनी विचारलं.

"आज देता येत नाही. नाडी कमी आहे. डॉक्टर आले की सांगते."

ते तिच्याकडे निरखून बघत राहिले. "तू केरबाची पोर न्हवं का?"

"हो. केरबा माझे वडील."

शेषेरावांनी हात ओढून घेतला आणि दारातल्या मुलाला हाक मारली. "भुजंगा, ही मला मारायली रं. जुना दावा काढायली. रोजची गोळी बंद केली."

चोराच्या उलट्या बोंबा. सूडच काढायचा असता तर तिला गोळी द्यायची होती, बंद करायची नव्हती. पण बापलेकांना हे कोण सांगणार? निदान म्हाताऱ्याला आपलं पाप आठवत होतं, एवढं मात्र तिला कळलं.

"गोळी काय, बाजारात लई मिळती," भुजंग म्हणाला. "मी आणतो."

"बाहेरची गोळी देऊ नका. जिवावर बेतेल," पंचशीला म्हणाली. सगळ्या वॉर्डानं ते ऐकलं.

थोड्या वेळानं ती पलीकडच्या खोलीतून परतली, तर भुजंग पाण्याचा पेला घेऊन उभा होता आणि गोळी म्हाताऱ्याच्या तळव्यावर होती. तिनं बजावलं होतं, त्याला वॉर्ड साक्षीला होता. साप मरत होता, काठी शाबूत राहत होती. खोटं कशाला सांगा, तिचे पाय जागचे हलेनात. ती गोळी त्याच्या पोटात जावी असं तिला अगदी आतून वाटलं.

मग तिच्या ध्यानात आलं की हा असा गेला तर चटकन सुटेल. गावजेवण होईल, फोटोला हार पडेल, केरबाच्या पोरीनं मारला म्हणून बोभाटा होईल. त्या विहिरीचं नाव मात्र कुणाच्याच तोंडी येणार नाही. इतक्या स्वस्तात? छे. तिनं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं आणि गोळी काढून घेतली.

भुजंग अंगावर धावून आला, तेवढ्यात डॉक्टर बिराजदार आले. त्यांनी कार्डिओग्राम काढला, पट्टी बघितली आणि भुजंगला म्हणाले, "सिस्टरनं हात धरला नसता तर बापाला तुम्हीच पोचवला असता."

शेषेराव वाचले. गोळी काही दिवस बंद राहिली, मग अर्धी सुरू झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी नाडी मोजायची, मगच गोळी. गावात कुणाला मोजता येते का?"

भुजंगला शिकवणं अर्ध्या तासाचं काम होतं. पंचशीलानं शिकवलं नाही.

"येते की, माझ्या आईला," ती म्हणाली. "ट्रेनिंग घेतलेली दाई आहे ती. घड्याळ मी दिलंय. पण तिचे गुडघे गेलेत. यांनाच तिच्या दारात यावं लागेल."

गुडघ्यांचं साफ खोटं होतं. चांगुणा अजून डोंगर चढली असती. पण शेषेरावांना जीव प्यारा होता. त्यांनी मुकाट्यानं मान हलवली.

सुट्टीच्या दिवशी पंचशीला मुद्दाम गावी गेली. शेषेराव भुजंगच्या आधारानं बौद्धवाड्यात आले, तेव्हा दारादारांत माणसं उभी होती. चांगुणा सुपात ज्वारी निवडत होती. ती उठली नाही, बसा म्हणाली नाही. शेषेरावांनी वाकून हात पुढं केला. तिनं मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघत पुरं मिनिट मोजलं.

"साठाच्या वर हाय. घ्या गोळी," ती म्हणाली, पण हात सोडला नाही. "माझं लेकरू गेलं तवा त्याचा हात मी असाच धरून बसले होते, मालक. त्याची थांबली. तुमची चालू हाय."

हात सोडवून घ्यायचं बळ शेषेरावांच्यात होतं, हिंमत नव्हती. वाकलेले ते तसेच उभे राहिले, आणि सगळी आळी बघत राहिली.

"जावा आता. उद्या या," चांगुणा म्हणाली.

पंचशीलाला वाटलं होतं, हे बघून आपलं काळीज निवेल. ते काही निवलं नाही. पण उद्या पुन्हा सकाळ होणार होती, आणि परवा पुन्हा.