सात ठिगळांची ट्यूब समुद्राला गेली

मित्रांनो, मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली एक जुनी ट्यूब आहे. आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. समुद्राला गेले तेव्हा माझ्या अंगावर सात ठिगळं होती. जिच्या पोटात नुसती हवा आणि जिच्या गावात पावलोपावली बाभळी, तिने भित्रं नसावं तर काय असावं?

कारखान्यातला माझा जन्म मला नीट आठवत नाही. गरम साचा, रबराचा वास आणि अंधार, एवढंच. वडवणीजवळच्या एका गावात सोमेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये मी सहा वर्षं राबले. नांगरट केली, उसाच्या ट्रॉल्या ओढल्या. कौतुक सगळं टायरचं व्हायचं. आतल्या ट्यूबची आठवण पंक्चर झाल्यावरच यायची, तीही शिव्यांसकट. सातवं ठिगळ लावताना पंक्चरवाला म्हणाला, "मालक, ही आता बाद झाली." मग मला गोठ्यामागे टाकून दिलं. तिथे एक कोंबडी माझ्यात बसून अंडी घालायची. भंगारवाल्याची आरोळी कानावर आली की माझी उरलीसुरली हवाही निघून जायची.

मला वाचवलं ते विहिरीने. सोमेश्वरची मुलगी धनश्री सात वर्षांची झाली तेव्हा तिची आजी विमलबाई म्हणाल्या, पोरीला पोहता आलंच पाहिजे. मला गोठ्यामागून काढलं, धुतलं, हवा भरली. पोरीच्या पोटाला ओरखडा नको म्हणून माझ्या पितळी नळीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. आणि पाण्यात सोडायच्या आधी विमलबाईंनी माझ्याभोवती एक जाड दोर बांधला. त्या घरची रीतच होती ती. शिकाऊ पोर विहिरीत असेल तर काठावर एक माणूस दोर धरून बसणार म्हणजे बसणार. "हवेचा काय भरवसा?" विमलबाई म्हणायच्या. खरं तर मला राग यायला हवा होता, पण मला बरंच वाटायचं. माझ्यावर भरवसा न ठेवणारं कुणीतरी काठावर बसलंय, या विचाराने माझी भीती निम्मी व्हायची.

दोन वर्षं अशी सुखात गेली. मग दिवाळीच्या सुट्टीत घरात समुद्राचं खूळ शिरलं. तोवर त्या घरातल्या कुणीच समुद्र पाहिला नव्हता. धनश्रीचा मामा बंकट मात्र एकदा वऱ्हाडाबरोबर कोकणात जाऊन आला होता, त्यामुळे तो समुद्राचा जाणकार ठरला. संध्याकाळी ओसरीवर सगळे मोबाइलभोवती बसले आणि किनाऱ्यांची निवड सुरू झाली. धनश्रीला शिंपले हवे होते. तिच्या आईला, मंगलला, दुसरीच काळजी होती.

"लोकायसमोर ओल्या लुगड्यानं कसं हिंडावं?" ती म्हणाली. "जिथं माणसं न्हाईत असा समुद्र बघा."

"गर्दी कशाला पायजे? म्या दाखवतो की तुमाला एकदम मोकळा किनारा," बंकट म्हणाला.

"पर जिथं माणूसच न्हाई, तिथं पाणी कसं हाय ते विचारायचं कुणाला?" विमलबाईंनी विचारलं. मोबाइलमध्ये तेवढ्यात निळंशार पाणी दिसलं आणि त्यांचा प्रश्न तसाच राहून गेला.

मला जीपच्या टपावर बांधलं. ऐकलं होतं, समुद्र नावाच्या त्या विहिरीला पलीकडची कडाच नसते. निघताना विमलबाईंनी विहिरीवरचा दोरही गाडीत टाकला, तेव्हा बंकट हसून हसून बेजार झाला. "मावशी, समुद्राच्या काठाला काय रहाट हाय का?"

पहिला किनारा लागला. वाळूत झेंडे रोवलेले, उंच खुर्चीवर शिट्टी घेतलेला एक माणूस, आणि पाण्यात शेकडो लोक. "हितं तर जत्राच भरलीय," म्हणत सोमेश्वरने गाडी पुढे काढली. दुसऱ्या किनाऱ्यावर नुसते काळे खडक होते. तिसरा मात्र अगदी मनासारखा होता. सुरूची झाडं, पांढरी वाळू, माणूस नावाला नाही. लाटा मात्र मोठ्या होत्या. त्या आपटल्या की माझं रबर आवळून यायचं. फक्त मधोमध एक पट्टा असा होता, जिथे लाट फुटतच नव्हती. तिथलं पाणी सपाट आणि गडद दिसत होतं.

"ही जागा बघा," बंकट म्हणाला. "हितं लाटच न्हाई. आपल्या तळ्यावानी गप हाय."

मित्रांनो, आमच्या गावात उसळणारं पाणी म्हणजे ओढ्याचा पूर, आणि गप्प पाणी म्हणजे तळं किंवा विहीर. उसळत्या पाण्यापासून लांब राहायचं आणि गप्प पाण्यात उतरायचं, एवढंच आम्ही शिकलो होतो. म्हणून ती जागा सगळ्यांना पटली. विमलबाईंनाही पटली, आणि मलाही. हे लपवण्यात अर्थ नाही.

धनश्री माझ्यात बसली. सोमेश्वर मला धरून छातीभर पाण्यात आला. पाण्यात शिरायच्या आधीच विमलबाईंनी सवयीने माझ्याभोवती दोर बांधला होता, आणि दुसरं टोक मुठीत धरून त्या वाळूत बसल्या. बंकटने पुन्हा एकदा हसून घेतलं.

आणि मग पाण्याने मला खालून धरलं.

विहिरीच्या पाण्याने मला कधी धरलं नव्हतं. ते मला उचलायचं, डुलवायचं, पण धरायचं नाही. या पाण्याला जणू हात होते आणि ते हात आत ओढत होते. सोमेश्वरचे पाय वाळूवरून सुटले. तो पट्टीचा पोहणारा. मला धरूनच त्याने किनाऱ्याकडे हात मारायला सुरुवात केली. दहा हात मारले, वीस मारले. विहिरीत एवढ्यात काठ हाताला लागतो. इथे किनारा उलट लांबच चालला होता. शेवटी दम लागून त्याने मलाच मिठी मारली. दोघांच्या भाराने माझं सातवं ठिगळ कडेला उचकटलं आणि तिथून बुडबुडे यायला लागले. मी आयुष्यात एवढी कधी भ्यायले नव्हते. माझं काय व्हायचं ते होवो, पण माझ्यात बसलेल्या पोरीचे इवलेसे हात माझ्या रबराला घट्ट चिकटले होते, आणि माझ्यातली हवा जात होती.

"आज्जे! आज्जे गं!" धनश्री ओरडली.

दोर ताणला. विमलबाई बसल्या जागेवरून वाळूत फरफटत गेल्या, पण त्यांनी मूठ सोडली नाही. मंगलने त्यांना कंबरेला धरलं, बंकटनेही येऊन दोर पकडला, आणि तिघे मिळून जोर लावून सरळ ओढू लागले. ते ओढत होते किनाऱ्याकडे, पाणी ओढत होतं समुद्राकडे, आणि त्या ओढाताणीत मी पुढून पाण्याखाली दबायला लागले. धनश्रीच्या नाकातोंडात पाणी गेलं.

तेवढ्यात सुरूच्या झाडांआड जाळं विणत बसलेला, आम्हाला दिसलाच नव्हता असा एक म्हातारा कोळी धावत आला. "सरळ ओढू नका!" तो ओरडला. "दोर घेऊन किनाऱ्याने आडवे चला! तिकडे, लाटा आहेत तिकडे!"

लाटांकडे? ज्यांना भिऊन आम्ही इथे आलो, त्यांच्याकडे? बंकट जागच्या जागी थिजला. विमलबाईंनी मात्र दोर खांद्यावर घेतला आणि वाकून, नांगराला जुंपलेल्या बैलासारख्या, किनाऱ्याच्या कडेने चालू लागल्या. मंगल आणि बंकट मागून. हळूहळू माझ्या खालची ती पकड सैल झाली. मग पाठीमागून एक मोठी लाट आली. मी मनातून सगळ्यांचा निरोप घेतला. पण त्या लाटेने आम्हाला उचललं आणि वाळूच्या दिशेने ढकललं. पुढच्या लाटेने आणखी ढकललं. तिसरीला सोमेश्वरचे पाय टेकले.

धनश्री खोकत, रडत आजीच्या मांडीवर पडली. विमलबाईंच्या तळहातांची सालं निघाली होती. माझी निम्मी हवा गेली होती आणि मी लोळागोळा होऊन पडले होते.

"लाट फुटत नाही ती जागा शांत नसते," कोळी म्हणाला. "आलेलं सगळं पाणी तिथूनच परत जातं. आम्ही स्वतः इथे उतरत नाही. आणि ही ट्यूब समुद्रात पुन्हा आणू नका, बाबांनो."

"म्या विचारायला पायजे होतं कुणाला तरी," बंकट खाली मान घालून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते झेंड्यांच्या, गर्दीच्या किनाऱ्यावर गेले. सोमेश्वरने आधी शिट्टीवाल्याला गाठलं आणि कुठे उतरायचं, कुठवर जायचं, भरती-ओहोटी कधी, सगळं विचारून घेतलं. मंगल लुगड्यातच गुडघाभर पाण्यात मनसोक्त भिजली. तिच्याकडे बघायला तिथे कुणाला वेळ नव्हता. मी टपावर बांधलेली होते. कुणी मला खाली घेतलं नाही, आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला टाकून दिल्याचं दुःख झालं नाही.

तुमच्याकडे एवढंच मागते. सुट्टीसाठी समुद्र निवडाल तेव्हा जिथे विचारायला माणूस आहे, असाच निवडा. पाण्याच्या रूपावर जाऊ नका. माझ्यासारख्या हवा भरलेल्या वस्तूंवर तर मुळीच विसंबू नका. त्या काळ्या पाण्यात लेकरू माझ्या अंगाला चिकटलेलं असताना मी काहीच करू शकत नव्हते, हे मी अजून विसरलेले नाही.

परत आल्यावर धनश्री कित्येक महिने विहिरीकडे फिरकली नाही. मी गोठ्याच्या खुंटीला लटकून होते. मग होळीनंतरच्या एका दुपारी ती आजीचा हात धरून आली. माझ्या सातव्या ठिगळावर आता आठवं ठिगळ आहे. विहिरीच्या काठावर मला ठेवलं तेव्हा मला समुद्राचा तो गडद पट्टा आठवला. धनश्रीने कुणी न सांगता दोर घेतला, माझ्याभोवती दोनदा गुंडाळला, गाठ ओढून बघितली आणि दुसरं टोक आजीच्या हातात दिलं. मग ती माझ्यावर ओणवी झाली आणि हळूच म्हणाली, "भिऊ नको. आज्जी हाय काठावर."

आणि आम्ही दोघी पाण्यात उतरलो.