रस्ता कुणी दिला

अहमदपूर तालुक्यातल्या त्या गावात लिंगायतांच्या दफनभूमीची वाट रामकिशनच्या शेतातून जायची. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तंटा झाला आणि रामकिशननं वाट नांगरून टाकली. दोन वर्षं तहसीलमध्ये तारखांवर तारखा पडत होत्या. इकडे मल्लम्माचा नवरा धोंडप्पा अंथरुणाला खिळला होता, आणि त्याचं मागणं एकच होतं, मला बापाच्या शेजारी ठेवा.

शेवटी तहसीलदारांनीच मल्लम्माला बोलावून घेतलं.

"मावशी, आमच्या नोटिसांना तो भीक घालत नाही. तुमचं त्या घरात येणं-जाणं आहे. तुम्ही बोला, आम्ही कागद करतो."

सरकारला बायांची आठवण येते ती अशी, हात टेकल्यावर.

रामकिशनची बायको चतुराबाई आणि मल्लम्मा तीस वर्षांच्या मैत्रिणी. भांडण पुरुषांचं; या दोघींनी शेवया एकत्र करायचं कधी सोडलं नव्हतं. महिनाभर मल्लम्मा त्या ओसरीवर जाऊन बसली. ती चतुराबाईशी बोलायची, चतुराबाई नवऱ्याशी. अखेर रामकिशन नरमला.

"वहिनी, रस्ता देतो. पन म्या आपखुशीनं दिला, असं कागदावर यावं. सरकारनं काढून घेतला असं झालं, तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई."

मल्लम्मानं गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून, कागदावर तसंच येईल, अशी आण घेतली. ती आण घेतलेलं माणूस मागं फिरत नाही, हे रामकिशनलाही ठाऊक होतं. त्या भरवशावर त्यानं तहसीलदारांच्या कागदावर न वाचता सही केली.

आठ दिवसांनी आदेश चावडीवर लागला. अतिक्रमण हटवून रस्ता खुला केला, असं त्यात होतं. मल्लम्मा तशीच तहसीलला गेली.

"छापील नमुना आहे, मावशी," कारकून म्हणाला. "त्यात आपखुशी कुठं बसवू? रस्ता मिळाला ना?"

रामकिशननं कोर्टातून स्थगिती आणली आणि वाटेवर पुन्हा ट्रॅक्टर घातला.

महिन्याभरात धोंडप्पा गेला. लिंगायतांच्या रीतीनं त्याला सजवलेल्या विमानात, अंत्ययात्रेच्या पालखीत, बसवलं होतं, बायका रडत होत्या, तेवढ्यात तहसीलदारांचा फोन आला.

"मावशी, स्थगितीमुळं आमचे हात बांधलेत. तुम्हीच एकदा जाऊन बोला की."

दारात नवऱ्याचं प्रेत, आणि या माणसाला बोलायला जराही लाज वाटली नाही. तरी मल्लम्मा उठली. धोंडप्पाचं मागणं होतं, ती न उठून करते काय.

चतुराबाई दारातच उभी होती. तिचेही डोळे रडून सुजले होते.

"मल्लम्मा, खरं सांग. आज तू कुनाकडून आलीस? तुझ्याकडून, का सायबाकडून?"

माझ्याकडून, एवढंच म्हणायचं होतं. पण फोन आला म्हणून ती उठली होती, आणि चतुराबाईशी ती जन्मात खोटं बोलली नव्हती. एकदा आण मोडली, तीसुद्धा दुसऱ्यांनी मोडली होती.

"दोघांकडून," मल्लम्मा म्हणाली.

चतुराबाईनं दार लावून घेतलं. संध्याकाळी धोंडप्पाला त्याच्याच शेतात, बांधाच्या कडेला ठेवलं, एकट्याला.