पिट्सबर्गच्या बाजूने बोलणारा रेडिओ

मित्रांनो, पिट्सबर्गमधल्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेला मी एक जुना रेडिओ आहे. आधीच सांगून टाकतो, मी पक्षपाती आहे. बेसबॉलच्या बाबतीत माझ्याकडून न्यायनिवाड्याची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यात माझे भाग जोडले गेले, काही दिवस दुकानाच्या काचेमागे काढले, आणि मग पोलादाच्या भट्टीवर काम करणाऱ्या कॅझिमिर दुदेकने मला उचलून घरी आणलं. त्याची नवी नवरी लिओना म्हणाली, पडदे आण म्हटलं होतं, आता हा काय खिडकीला टांगू? पण पहिल्याच उन्हाळ्यात ती माझ्यापाशी बसून करंजीसारख्या पिरोगी भरू लागली आणि पडद्यांचा विषय मागे पडला.

माझ्यातून आमच्या शहराचा समालोचक अर्ल बोलायचा. आमच्या पोरांच्या हातून झेल सुटला, तर त्यांच्या डोळ्यांवर ऊन आलेलं असायचं. दुसऱ्यांच्या हातून सुटला, तर त्यांना मुळात खेळताच येत नसायचं. अहाहा, काय माणूस होता!

देशभर दिसणाऱ्या टीव्हीच्या वाहिनीवर मात्र अष्टौप्रहर न्यूयॉर्कच्या संघाची आरती चालते, असं कॅझिमिरचं ठाम मत. आमच्या पोराने चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून होमरन मारला तरी ते लोक न्यूयॉर्कवाल्याच्या नव्या बुटांबद्दल बोलतात, असं तो म्हणायचा. म्हणून आमच्या गल्लीत घरोघरी एकच रीत होती. चित्र टीव्हीचं, त्याचा आवाज बंद, आणि आवाज रेडिओचा. मी टीव्हीच्या डोक्यावर बसायचो. घरात माझा थाटच वेगळा होता.

मग चपटा नवा टीव्ही आला. त्याच्यावर मला बसायला जागा नव्हती हे एक, आणि त्याचं चित्र माझ्या बरंच मागून यायचं हे दुसरं. मी "बाद!" म्हणून मोकळा व्हायचो, तेव्हा पडद्यावर चेंडू फेकणारा पिचर अजून टोपीच सारखी करत असायचा. सगळी मजा गेली. कॅझिमिरने मला स्वयंपाकघरात धाडलं आणि तो मुका टीव्ही बघू लागला. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते.

पुढे त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, एकदम धक्का बसेल असं काही नको. बेसबॉल सोडायचंही त्यांनी सुचवून पाहिलं. कॅझिमिरने विचारलं, मग जगायचं कशाला? तेव्हापासून सामना लागला की लिओना माझा आवाज बारीक करून माझ्याजवळ उभी राहू लागली. वाईट बातमी माझ्याकडून कळली की हात पुसून बाहेर जायची आणि पडद्यावर ते दिसायच्या आत त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. मित्रांनो, ज्या दोषासाठी मला हाकललं, तोच तिच्या कामी आला.

गेल्या शरदात न्यूयॉर्कमध्ये सामना होता. जिंकेल तो अंतिम फेरीत. नेमके त्याच दिवशी लेक आणि जावई आले होते. जावई व्हिन्सेंट न्यूयॉर्कचा, आणि त्याचं म्हणणं भलतंच.

"बाबा, त्या वाहिनीला आमचा संघ डोळ्यांसमोर नको असतो," तो म्हणाला.

"अगं लिओना, तुझा जावई शुद्धीवर आहे का बघ," कॅझिमिर म्हणाला.

दोघं तासभर भांडले. आवाज बंद ठेवायचा, एवढ्यावरच त्यांचं एकमत झालं.

शेवटी आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचा एक गडी धावायला तयार, म्हणजे होमरन बसला तर त्यांना दोन धावा, आणि आम्हाला एकच बळी हवा होता. आमचा पिचर म्हातारा टोबायस, त्याचा हा शेवटचा मोसम. अर्ल बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, "गेला. मैदानाबाहेर गेला."

लिओनाच्या हाताला साबण होता. तो तिने घाईघाईने एप्रनला पुसला आणि बाहेर जाऊन नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. पडद्यावर टोबायसने अजून चेंडू फेकलाही नव्हता.

"हरलो ना?" कॅझिमिरने न वळता हळूच विचारलं.

तिने खांदा दाबला. कॅझिमिरने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज सुरू केला. व्हिन्सेंट बघतच राहिला.

"तुमचा क्षण आहे. आवाजासकट बघ," सासरा म्हणाला.

होमरन झाला. व्हिन्सेंट उडी मारून उठला आणि लाजून पुन्हा खाली बसला. वाहिनीवरचा माणूस मात्र टोबायसबद्दलच बोलत होता. असा खेळाडू पुन्हा होणे नाही, म्हणत होता.

"बघा, जिंकलो आम्ही आणि कौतुक तुमचं!"

"हरल्यावर सगळेच गोड बोलतात, बाळा."

लिओनाचा हात अजून खांद्यावरच होता. तिने विचारलं, तुला कसं कळलं?

"चांगलं झालं की तू आतूनच ओरडतेस. वाईट झालं की गुपचूप येतेस. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर आली असतीस का?"

दुसऱ्या दिवशी निघताना व्हिन्सेंट म्हणाला, हल्ली रेडिओचा आवाज चित्राशी जुळवून देणारं यंत्र मिळतं, पाठवून देतो. म्हातारा-म्हातारी एकदमच म्हणाली, "नको."

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला मोडीत काढण्याआधी तिच्यापाशी कोण उभं राहतं ते पाहा. माझं म्हणाल तर आता अंग खरखरतं, एक खुंटी ढिली झाली आहे. पण पुढच्या मोसमापर्यंत मला तग धरायचा आहे. आमचा संघ हरणारच, आणि ते लिओनाला आधी कळायला हवं.