घड्याळवाल्याच्या बायकोचा डोळा

आमच्या घरात डोळे फक्त यांना होते. तसे मलाही होते, पण त्यांची कुणी चौकशी करत नसे, आणि मी तर नाहीच नाही.

हे घड्याळं दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिलीच गोष्ट बजावली, "याच्या डोळ्यांवर घर चालतं. ते जप." मी जपले, अगदी तळहाताच्या फोडासारखे. पालक, अंडी, मासे, संत्री, जे जे डोळ्यांना चांगलं असं कुणी सांगेल ते यांच्या ताटात. ताट दुकानात नेऊन द्यायचं आणि मग मी आत ओट्याशी उभ्या उभ्या जेवायचं. पाव, तळलेला बटाटा, वर चहा आणि बिस्किटं. पालक उरला तर तो झाकून ठेवायचा, रात्री यांना. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही, हे आधीच सांगते. उलट मला या सगळ्याचा भारी अभिमान होता.

दुपारी मीही कामाला बसायची. हे घड्याळ उघडायचे, मी सुटे भाग धुवायची. चाकाच्या दात्यात केसाएवढी घाण राहिली तरी घड्याळ अडतं, म्हणून प्रत्येक चाक भिंगाखाली धरून बघायचं. उजव्या डोळ्यात भिंग, डावा घट्ट मिटलेला. यांनीच शिकवलं तसं. रोज दुकान उघडलं की आमची डोळ्यांची परीक्षा व्हायची. तबकडीवरची सगळ्यात बारीक अक्षरं भिंगातून वाचायची, आधी यांनी, मग मी. दोघंही पास. हे म्हणायचे, "डॉक्टरांनी आपल्या जिवावर जगायचं ठरवलं तर उपाशी मरतील." मी हसायची. आम्हाला फार अक्कल होती.

या वर्षी यांना दिव्याभोवती कडं दिसायला लागलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. यांना ओढतच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात शांत. त्यांनी यांचे डोळे उलटसुलट तपासले आणि म्हणाल्या, "मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे. इतक्यात काही करायला नको. आतला पडदा तर छान आहे, काका."

मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. मी लगेच फुशारकी मारली, "असणारच. मी खाऊ घातलंय."

"मग तुमचेही बघू की, काकू."

"माझे कशाला? मी रोज अक्षरं वाचते."

त्या हसल्या आणि त्यांनी एक कागद पुढे केला. बारीक चौकटींचा, मधोमध काळा ठिपका. आधी त्यांनी माझा डावा डोळा झाकला. चौकटी सरळ, ठिपका जागच्या जागी. मी यांच्याकडे बघून भुवई उडवली. मग त्यांनी उजवा झाकला.

ठिपका नव्हता.

मला वाटलं कागद बदलला. डोळा चोळला, मान हलवली. कडेच्या रेघा दिसत होत्या, पण आत येता येता त्या वाकत होत्या आणि मधे करड्या धुराचा गोळा होता. "कागद सरळ धरा ना," मी चिडून म्हणाले.

"सरळच आहे, काकू."

मी यांच्याकडे वळले. यांचे कान दिसले. शर्टाची कॉलर दिसली. कान आणि कॉलरच्या मधे माझा नवरा नव्हता. मी किंचाळले असेन, कारण यांनी माझा हात धरला. कुणाचा हात आहे हे मला हाताच्या खरखरीतपणावरून कळलं.

घरच्या दाराची चौकट मला वाकडी दिसायची. त्यापायी ती बसवणाऱ्या सुताराला मी किती नावं ठेवली होती! चौकट सरळ होती.

एका यंत्रावर डोळ्यांचे फोटो काढून झाल्यावर डॉक्टरीणबाई समोर येऊन बसल्या. "पडद्याचा मधला भाग झिजलाय. वयाबरोबर होतं हे. डाव्याचं जे गेलंय ते परत येणार नाही. उजव्यातही सुरुवात दिसते. तो सांभाळायचा."

"पण मला कळलं कसं नाही?" मी विचारलं.

"एक डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. आणि कामाच्या वेळी तर हा तुम्ही मिटूनच ठेवत होता."

सगळा जन्म परीक्षा दिली ती एकाच डोळ्याची.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं? तंबाखू? आणि जेवणात काय असतं?"

पहिल्या दोन्हींना मी नाही म्हटलं. तिसऱ्याला हेच उत्साहाने बोलायला लागले, "जेवण एकदम चांगलं. रोज पालेभाजी, अंडं, आठवड्यातून दोनदा मासे..."

"हे काकांचं. काकूंचं?"

"तेच की," हे म्हणाले. आणि माझ्याकडे बघितलं.

मला खोटं बोलता आलं नाही. पाव, बटाटा, चहा, बिस्किटं. सांगायला किती कमी वेळ लागला.

"पालक?" यांनी विचारलं.

"तो तुमचा."

"मासे?"

"तुमचेच."

"अगं, मी कधी मागितलं होतं का तुझ्याकडे?" यांचा आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावली.

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "नुसत्या खाण्याने हा आजार होतो असं मी म्हणणार नाही. वय आहे, घराण्यातून येतं, पुष्कळ कारणं असतात. पण पालेभाज्या, मासे, फळं खाणाऱ्यांत धोका कमी दिसतो. उजव्यासाठी आता तेवढं तरी आपल्या हातात आहे. आजपासून."

रस्ताभर हे माझा दंड धरून चालत होते, जणू मी आंधळी आहे, आणि मला त्याचा राग येत होता. घरी आल्यावर मी पदर खोचला आणि स्वयंपाकाला लागले. कामाने डोकं ताळ्यावर येतं. पालक केला, अंडी उकडली. हे आज पुढच्या खोलीत गेले नाहीत, आतच पाटावर बसले. मी दोन ताटं घेतली, वाढलं आणि समोर बसले.

हे जेवेनात.

"काय झालं? मीठ जास्त पडलं?" मी विचारलं.

यांनी बोटाने आधी स्वतःचं ताट दाखवलं, मग माझं. यांच्या ताटात पालकाचा ढीग आणि दोन्ही अंडी. माझ्या ताटात पाव आणि सकाळचा बटाटा.

वाढताना मी झोपेत नव्हते. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द माझ्या डोक्यात होता. तरी हात रोज करायचा तेच त्याने केलं होतं. एक डोळा माझ्या नकळत गेला होता. दुसरा मी आत्ता, सगळं कळत असताना, यांच्या ताटात वाढला होता.

"मला भीती वाटते गं तुझी," हे हळूच म्हणाले.

मला माझीच वाटत होती. मी यांचं ताट माझ्याकडे ओढलं आणि खायला लागले. प्रत्येक घासाला हात निम्मं यांच्यासाठी बाजूला काढायला जात होता. हे समोर बसून राहिले, ते ताट मी रिकामं करेपर्यंत.