थोडी रिकामी उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. पण माझ्यावर आजवर कुणी डोकं टेकून झोपलेलं नाही. माझ्यावर टेकतो तो कॅमेरा, आणि तोही सूर्य उगवायच्या आधी, जेव्हा शहाणी माणसं पांघरुणात असतात.

माझा जन्म एका फोटो स्टुडिओत झाला. नवरा-बायको दोघं मिळून तो चालवत. तो फोटो काढायचा आणि ती समोर बसलेल्यांची हनुवटी सरळ करून म्हणायची, "आता हलू नका." पुढे रोल धुवायची अंधारी खोली बंद झाली आणि तिथला जाड काळा पडदा तेवढा उरला. तिने तो कापून मशीनवर मला शिवलं आणि एका बाजूला बटणांचं तोंड ठेवलं. आधी माझ्या पोटात वाळू भरली. ती दवाने भिजली की मी धोंडा व्हायचे. मग वाळू काढून कोरडे वाटाणे भरले, आणि मी कामाची झाले.

माझं काम काय, तर सांगते. पहाटे उजेड कमी असतो. तेव्हा कॅमेऱ्याला आपला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात हात जरासा जरी हलला, तरी फोटोतलं पाखरू पुसट होतं. म्हणून तळ्याच्या दगडी कठड्यावर मला ठेवून माझ्यावर लेन्स टेकवायची. स्टुडिओ उघडायच्या आधी ती रोज तळ्यावर जाई. खंड्या, पाणकोंबडी, तुतवार, सगळे तिने माझ्या आधाराने टिपले. ते फोटो दुकानाच्या काचेत नवरा-नवरींच्या शेजारी लागले. एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, "या खंड्याचा पासपोर्टही काढलात की काय?" त्या दिवशी मी फुगले नाही असं म्हणणार नाही.

मग मुलीने आईला तीन पायांचा चकचकीत स्टँड आणून दिला. मी दुकानाच्या दाराला अटकाव म्हणून जमिनीवर आले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला लागत. बटणं तुटली. फरशी पुसताना ओल पोटात शिरली आणि वाटाण्यांना किडे लागले. कितीतरी वर्षं मी तळं पाहिलं नाही.

स्टुडिओ बंद झाला, मी त्यांच्या घराच्या दारामागे येऊन पडले, दोघं म्हातारी झाली, आणि एका आजारपणानंतर तिचा उजवा हात थरथरू लागला. स्टँडला हात लावला की स्टँडही थरथरायचा. तरी तिचं तळ्यावर जाणं सुटलं नाही. तिला हवा होता तापस. हा बगळ्याच्या जातीचा, तळ्याकाठच्या उंच पाणकणसांच्याच रंगाचा पक्षी. चाहूल लागली की तो उडत नाही. चोच आभाळाकडे करतो आणि काठीसारखा उभा राहतो. दिसतो तो फक्त झुंजुमुंजू असताना. ऊन आलं की पाणकणसांत शिरतो.

एकदा मुलीने सगळे फोटो पाहिले आणि कॅमेरा बाजूला ठेवला.

"आई, पुरे कर आता. अंधारात दगडांवरून जातेस, पडलीस तर? आणि फोटो बघ. एक तरी धड आहे का?"

"हिवाळा संपेपर्यंत थांब," ती म्हणाली. "एक न हललेला तापस मिळाला नाही, तर कॅमेरा तू घेऊन जा. मी एक शब्द बोलणार नाही."

"हे मात्र अवघड आहे," नवरा पुटपुटला.

"काय, तापस मिळणं?"

"नाही, तू एक शब्द न बोलणं."

त्या रात्री तिने मला दारामागून उचललं. किडके वाटाणे नवऱ्याने फेकून दिले, मला धुतलं, दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवलं. मात्र मला पुन्हा भरायचं राहूनच गेलं, आणि हिवाळा हातातून निसटत चालला होता. तापस कधी दिसेना, दिसला तर स्टँड उघडेपर्यंत आत जाई. शेवटी उरली एकच सकाळ. दुपारी मुलगी कॅमेरा न्यायला येणार होती. निघायच्या आधी नवऱ्याने मला नवे वाटाणे भरले आणि बटणं नव्हती म्हणून तोंड दाभणाने शिवून टाकलं.

कठड्यावर दोघं टेकली. अंधार जरा विरळ झाला, आणि पाणकणसांच्या कडेला तापस उभा दिसला. तिने लेन्स माझ्यावर ठेवली. ती घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. मी दगडासारखी टणक झाले होते.

"अहो, काय केलंत हिचं?" ती कुजबुजली. "फुटबॉल झालाय."

"तुझा हात हलू नये म्हणून मुद्दाम गच्च भरली."

"गच्च भरलेल्यावर काही टेकतं का? उसवा ती शिवण."

"आत्ता? पाखरू जाईल."

"नाही जाणार. त्याला वाटतंय, आपण त्याला पाहिलंच नाही."

त्याने घराच्या किल्लीने दोरा तोडला आणि वाटाणे काढून कोटाच्या खिशात भरू लागला.

"खाली एकही सांडू नका. दाणे टाकून पाखरं बोलवायची नाहीत मला."

"माझे खिसे म्हणजे कोठार आहे का?"

"बोलू नका. काढा."

मी सैल झाले. तिने मुठीने माझ्यात खळगा केला आणि लेन्स अलगद आत रुतली. मग तिने आपला थरथरता हात वरून दाबला. तो कंप माझ्या अंगात उतरला आणि वाटाण्यांत जिरून गेला.

पण वारा होता. पाणकणसं डोलत होती आणि त्यांच्याबरोबर तापसही डोलत होता. पूर्वेकडे उजेड वाढत होता. तिने कॅमेऱ्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि वाट पाहिली. बोट अवघडलं, तरी उचललं नाही. वारा पडला. जन्मभर ऐकलेलं तिचं वाक्य नवऱ्याच्या तोंडून हळूच निघालं, तेही त्या पाखराला उद्देशून:

"आता हलू नका हं."

तापस हलला नाही. तीही नाही. मी तर मुळीच नाही.

दुपारी मुलीने तो फोटो मोठा करून पाहिला. पिवळा डोळा, त्यातली काळी बाहुली, चोचीच्या टोकावरचा दवाचा थेंब, सगळं लख्ख. तिने फोटोचा एकेक कोपरा तपासला. मग म्हणाली, "बाबा, तुमच्या कोटातून हे वाटाणे कसले सांडतायत?" आणि कॅमेरा तिनेच परत कपाटात ठेवला. "पुढच्या वेळी मला फोन करा. दगडांवर मी हात धरीन."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी दाराला टेकून पडलं असेल. त्याला उचला, ओल पुसा, ऊन दाखवा. आणि प्रेमाने भरायला बसलात, तर गच्च भरू नका. आत थोडी जागा असली, तरच दुसऱ्याला टेकता येतं.

माझं तोंड तिने आता नव्या बटणांनी बंद केलंय. कारण तिला आता धोबी टिपायचा आहे, तोही उजाडायच्या आत. तो पक्षी म्हणे क्षणभरसुद्धा शेपटी थांबवत नाही. कठड्यावर आम्ही रोज जातो. बघू, आधी कोण दमतं ते.